चूलबंद आवतण

चैताली गांगुर्डेकडे सल्ला विचारायला जाऊ नये. म्हणजे जावं, पण काळीज घट्ट करून जावं. नाशिकरोडच्या तिच्या ऑफिसात नवे हॉटेलवाले येतात, इंटिरिअरचा कोर्स संपवून बाहेर पडलेली पोरंपोरी येतात, इव्हेंटच्या धंद्यात उडी घ्यायला निघालेले येतात. ही बाई आधी चहा मागवते आणि मग तोंडावर सांगते, "टेबलं इतकी खेटून लावलीत, वाढप्यानं पोट कुठं ठेवायचं? घरी?" मिसळीच्या हॉटेलात पांढरे दिवे लावणाऱ्याला म्हणते, "दादा, तुमच्या दिव्याखाली तर्री आजारी दिसते. पिवळे लावा." आधी स्टेज बांधून मग विजेची सोय शोधत फिरणाऱ्याला तर ती बसासुद्धा म्हणत नाही.

लोक हसतात, लिहून घेतात आणि परत येतात, कारण सल्ला खरा निघतो. फक्त एक सल्ला असा आहे की तो कुणी लिहून घेत नाही. ती म्हणते, काम घेतलं की त्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशेजारी जाऊन बसा. कामाचं काही विचारू नका. नुसतं बसा आणि त्याला बोलू द्या. पोरं एकमेकांकडे बघतात. म्हाताऱ्याशेजारी बसून कुठं धंदा वाढतो का? आता त्यांना काय सांगणार! हा सल्ला तिला एका दुपारी मिळाला, आणि त्या दुपारचा धक्का अजून तिच्या अंगातून गेलेला नाही.

चैताली वाढली ती विहारासमोरच्या कॉलनीत. वडील कचेरीत कारकून, आई घरी ब्लाउज शिवायची. कॉलनीतल्या जयंतीचा मंडप ही शाळेत असल्यापासून सजवायची, आणि कुणी मध्ये बोललं की त्याला झापायचीही. पुढं इंटिरिअरचा डिप्लोमा केला, दोनचार हॉटेलांच्या भिंती रंगवून दिल्या, बैलगाडीची चाकं टांगून दिली. मग कुणीतरी म्हणालं, हॉटेल इतकं छान केलंस तर आमच्या पोरीच्या साखरपुड्याचं स्टेज कर. केलं. तिथून ती जी या धंद्यात पडली ती पडलीच.

सुरुवातीला तिनं टक्केटोणपेही बरेच खाल्ले. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या तीन आत्यांनी तीन रंगांची फुलं सांगितली, आणि तिघींचं ऐकता ऐकता स्टेजचा पार बाजार झाला. त्यानंतर ती एका सेमिनारला गेली. मुंबईहून एक गृहस्थ आले होते, गुळगुळीत बोलणारे, कानाजवळ माइक चिकटवलेले. ते म्हणाले, गिऱ्हाइकाच्या घरातला एकच माणूस धरा. जो निर्णय घेतो आणि फोन उचलतो, तो. बाकी मामा, मावशी, आत्या, आजोबा, सगळ्यांना गोड हसून बाजूला ठेवा. आणि माणसांचा आकडा आठवडाभर आधी पक्का करून टाका, मग कुणी कितीही ओरडलं तरी हलू नका. चैतालीला वाटलं, हा देवमाणूस आपल्याला आधी का नाही भेटला! तिनं तो नियम उचलला, आणि खरं सांगायचं तर त्या नियमानं तिचा धंदा उभा राहिला. खोटं कशाला बोला.

अशात कुंदनचं काम आलं. कुंदन पुण्यात कंपनीत नोकरीला. बहिणीचं, मंजुषाचं, लग्न गावी करायचं होतं, पिंपळगाव बसवंतपासून आत, स्वतःच्या द्राक्षबागेच्या कडेला, द्राक्षं निवडून भरायच्या पॅकहाउसच्या मोठ्या अंगणात. गावाचं नाव चैताली कधी कुणाला सांगत नाही, तेव्हा इथंही ते येणार नाही. घरात आई आशा आणि आजोबा मल्हारीआबा. वडील, जीवन, पोरं लहान असतानाच गेलेले. कुंदन मोठा नेटका पोरगा. मेसेजला लगेच उत्तर, फुलांचे फोटो पाठवले की लगेच होय किंवा नाही. असं गिऱ्हाईक मिळायला नशीब लागतं. जेवणाचं काम चैतालीनं रवीला दिलं. रवीचं कॉलेजरोडला हॉटेल आहे, लाइव्ह काउंटर लावण्यात त्याचा हात धरणारा नाही. माणसं साडेचारशे. आठवडा आधी आकडा पक्का झाला.

जागा बघायला ती गेली तेव्हा आबा पॅकहाउसच्या दाराशी बाकावर बसले होते. धोतर, टोपी, हातात काठी. कुंदन तिला स्टेज कुठं, काउंटर कुठं, गाड्या कुठं लावायच्या ते दाखवत होता. म्हातारा हळूहळू उठून जवळ आला.

"बाई, एक सांगायचं व्हतं जेवणाचं."

"आबा, मॅडमशी मी बोलतोय ना," कुंदन म्हणाला. "सगळं ठरलंय. तुम्ही बसा निवांत."

आबांनी चैतालीकडे पाहिलं. ती गोड हसली. सेमिनारात सांगितलं होतं तश्शीच. म्हणाली, "आबा, काळजी करू नका, सगळं मस्त होईल." म्हातारा मान हलवून बाकावर जाऊन बसला, आणि ही फुलांच्या कमानीची मापं घ्यायला लागली.

लग्नाच्या सकाळी सगळं दृष्ट लागण्यासारखं जमून आलं होतं. बागेच्या कडेनं पांढरे पडदे, शेवंतीच्या माळा, स्टेजवर द्राक्षवेलीची कमान. मुहूर्त दुपारचा. रवीची माणसं काउंटर मांडत होती. फक्त चैतालीच्या माणसांचा चहा आला नव्हता, आणि स्टेजवाला दत्तू चहाशिवाय माणसात नसतो. तेव्हा ती म्हणाली, मी गावातून घेऊन येते.

पहिल्याच गल्लीत एक बाई ओट्यावर पोरीची वेणी घालत बसली होती. वत्सलाबाई तिचं नाव, ते नंतर कळलं. चैताली म्हणाली, "मावशी, सातआठ कप चहा करून द्याल का? माझी माणसं सकाळपासून तशीच आहेत."

वत्सलाबाई संकोचली. "चहाला नाय म्हणू नये बाई, पण आज नाय व्हायचं. आज चूलबंद हाय ना."

दारातून स्वयंपाकाची जागा दिसत होती. गॅसची शेगडी घासूनपुसून लख्ख केलेली, आणि तिच्यावर हळदकुंकवाची बोटं. सिलेंडरलाही हळदकुंकू. चैतालीला आधी वाटलं, काही व्रतबित असेल.

"कसलं चूलबंद?"

"अगं, तुमच्याच लग्नाचं की! काल सांजच्याला आबांचा गडी लहानू आला व्हता आवतण घेऊन. घरटी सांगून गेला. वरच्या आळीपास्नं पार वस्तीपत्तुर. लहानथोर, पाव्हणारावळा, कुणी मागं ऱ्हायचं नाय, आन कुणी चूल पेटवायची नाय. पोरांनी बी बिस्किटावर भागवलंय. म्हंलं, आता काय, दुपारी जेवायचंच हाय पोटभर."

चैतालीनं विचारलं, गावात घरं किती. बाईनं पोरीच्या वेणीला रिबीन बांधता बांधता सांगितलं, असतील की तीनेकशे.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ते काय असतं, ते चैतालीला त्या ओट्यापाशी कळलं. तिला शब्द माहीत नव्हता असं नाही. तिची आई घोटीकडच्या खेड्यातली. आईनं सांगितलं होतं, मोठ्या घरचं लग्न असलं की चूलबंद आवतण निघायचं. आमच्या वस्तीवर ते यायचं सगळ्यात शेवटी, आणि बसायचंही वेगळं, तरी त्या दिवशी कुणाची चूल पेटायची नाही, कारण तो त्या घराचा शब्द असतो. चैतालीला वाटलेलं, गेले ते दिवस. घरोघर गॅस आले, आता कसली चूल आणि कसलं बंद! आणि इथं आख्खं गाव शेगडीला हळदकुंकू लावून उपाशी बसलेलं, आणि पॅकहाउसच्या अंगणात साडेचारशे ताटं.

ती पळत आली. कुंदनला शेरवानीच्या बटणांतून बाहेर ओढलं आणि विचारलं. कुंदन म्हणाला, "चूलबंद म्हणजे?"

तो नाटक करत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याच्या साडेचारशेत मुलाकडचे होते, नातेवाईक होते, पुण्याचे मित्र होते, गावातली पाचपन्नास ओळखीची माणसंही होती. पण सगळं गाव? त्याचा चेहरा बघता बघता पांढरा पडला. "मला कुणी बोललंच नाही," तो म्हणाला. बोलायला कोण आलं होतं आणि कुणी त्याला बसवलं होतं, ते दोघांनाही एकदमच आठवलं.

आशाबाईंना आत बोलावलं. त्यांनी ऐकलं आणि द्राक्षाच्या रिकाम्या क्रेटवर मटकन बसल्या.

"मला वाटलं, आबा बोलले तुमच्याशी. तुम्ही इतक्या मोठ्या, इतकी लग्नं केलेली. तुम्हाला ठावं नसंल असं कसं वाटंल मला?"

मग त्यांनी सांगितलं. जीवनला विहिरीवरच्या मोटरीचा शॉक लागला. तालुक्याहून त्याला घरी आणायला दुसरा दिवस उजाडला. तोवर गावात एक चूल पेटली नाही. लेकरांनासुद्धा लोकांनी पाण्यावर झोपवलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी आवतण धाडलं नव्हतं. आबा तेव्हापासून म्हणायचे, माझ्या घरापायी गाव उपाशी राहिलं, माझ्याच घरी ते एकदा पोटभर जेवेल तेव्हा मी मोकळा. या लग्नाची वाट म्हातारा नातीपेक्षा जास्त बघत होता.

"सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाय त्यांनी," आशाबाई म्हणाल्या. "गाव जेवल्याबिगर घ्यायचे नाय. ताई, एक घर जरी उपाशी गेलं ना, तर हा माणूस पुन्हा गल्लीतून मान वर करून चालायचा नाय. काय बी करा, पण त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका."

आजवर तिच्या कामात माइक बंद पडले होते, कमान वाऱ्यानं उडाली होती, एकदा तर नवरदेवच उशिरा आला होता. त्यातलं काहीही सावरता येतं. हे कसं सावरायचं?

तिनं रवीला कोपऱ्यात घेतलं. रवीनं कपाळावर हात मारला. "ताई, मी काय जादूगार आहे? माझी भाजी कापून आलीय, ग्रेव्ही मापून आलीय. शहरातून आणखी मागवलं तरी दिवस मावळायला येईल ते. काउंटर आखडते घेतो, प्लेटा लहान लावतो. शंभर माणसांचं वाचेल. त्यापुढं मी हात टेकले."

दत्तू टेम्पो घेऊन पिंपळगावला पळाला. लग्नसराई, त्यात बाजाराचा सुट्टीचा दिवस. अर्धं शटर उघडायला लावून त्यानं मिळाला तेवढा तांदूळ, डाळ आणि तेलाचे डबे आणले. देवळातले हंडे आले. आचारी कुठून आणायचे? जे होते ते सगळे दुसऱ्या मांडवांत. रवीचे दोघं जण पास्ता परतण्यात पटाईत, पण हंडाभर भात शिजवायचा म्हटल्यावर त्यांचे हातपाय गार पडले. शेवटी आशाबाईंनी पदर खोचला आणि दत्तूनं पॅकहाउसच्या मागं छाटणीच्या वाळक्या काड्यांचा जाळ केला. मसालेभाताचा पहिला हंडा उतरला. दुसरा खालून लागला, अर्धा टाकावा लागला. आमटीत पाणी वाढवलं, मग आणखी वाढवलं. चैताली फुलांच्या साडीतच मिरच्या चिरत होती, आणि पुढं स्पीकरवर मंगलाष्टकं चालली होती.

अक्षता पडल्या. पाहुणे काउंटरांकडे वळले. इकडं पाणीपुरी, तिकडं पास्ता, पलीकडं नाचणीचा डोसा. पुण्याची मंडळी चमच्यानं उकरून उकरून खात होती, अर्धं टाकत होती, फोटो काढत होती. टाकलेली प्रत्येक प्लेट चैतालीला काळजात टोचत होती. कुणाच्या हातातून ओढून घेता येते का?

आणि मग गाव आलं.

ती सांगते की गाव येताना तिनं पाहिलं आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. घाई नाही, गडबड नाही. धुवट टोप्या, ठेवणीतली लुगडी, पोरांचे केस चप्प बसवलेले. म्हातारेकोतारे काठ्या टेकत, बाया कडेवर पोरं घेऊन. वरच्या आळीचे, वस्तीवरचे, सगळे मिसळून. आबांनी लहानूला सांगितलंच होतं, पंगत सगळ्यांची मिळून, वेगळं कुणी बसायचं नाही. सगळे आबांना हात जोडून पुढं सरकले आणि पडद्यांच्या सावलीत ओळीनं बसले. आबा दाराशी उभे. त्यांचं तोंड इतकं फुललेलं की चैतालीला तिकडं बघवेना.

ओळीच्या तोंडाशी बसली होती आक्काबाई, गावातली सगळ्यात म्हातारी बाई. चैतालीनं स्वतः वाढायला घेतलं, दुसऱ्याच्या हाताचा भरवसा नव्हता. एक डाव भात, वर आमटी, चिमूटभर बुंदी. आक्काबाईनं भाताकडं पाहिलं. मग मान वळवून पलीकडं ठेवलेल्या हंड्यांकडं पाहिलं. मग बसलेल्या ओळीकडं, आणि अंगणाबाहेर अजून उभ्या असलेल्या माणसांकडं. जेवायला लागली. हळूहळू, एकेक शीत चावून.

चैताली भाताचं भांडं घेऊन दुसऱ्यांदा आली. आक्काबाईनं पान हातानं झाकलं.

"नको बाय. लय झालं."

शेजारच्या बाईनं म्हातारीच्या हाताकडं पाहिलं आणि आपलं पान झाकलं. तिच्या शेजारणीनं झाकलं. मग पुढच्यानं, मग त्याच्या पुढच्यानं. चैताली ओळीनं पुढं सरकत गेली, आणि तिच्या पुढं पुढं पानांवर हात पडत गेले. "भरलं पोट." "बास बास, आता जागा नाय." "कितीदा वाढता, ताई!" दाढीमिशांचे आडदांड गडी, जे एका बैठकीला चार भाकऱ्या सहज मोडतील, ते एका डाव भातावर ढेकर देत होते.

पहिल्या क्षणाला तिला हायसं वाटलं. पुरतंय की! देवा, पुरतंय! आणि दुसऱ्याच क्षणाला तिला समजलं की काय चाललंय. कुणी कुणाला खूण केली नव्हती, कुणी कुणाच्या कानाला लागलं नव्हतं. दुसरी पंगत बसली, तिनंही पानं झाकली. तिसरी बसली, तिनंही. उठताना प्रत्येक जण हात धुऊन आबांपुढं जाऊन म्हणत होता, "आबा, पोटभर झालं." आबा प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होते. कुंदन पॅकहाउसच्या भिंतीकडं तोंड करून उभा होता आणि शेरवानीच्या बाहीनं डोळे पुसत होता.

सगळं आटोपलं. पाहुण्यांच्या गाड्या निघाल्या. चैताली टेम्पोच्या आडोशाला जाऊन उभी राहिली तर दत्तू म्हणाला, "मॅडम, सकाळपासून काही नाही पोटात. आपली पाकिटं गाडीत आहेत, खाऊन घ्या."

आपली पाकिटं! धंद्यातला आणखी एक नियम, की आपल्या माणसांचं जेवण आधी बांधून बाजूला ठेवायचं. रवीनं सकाळीच बांधून दिलं होतं. पनीर, रोट्या, पुलाव, गुलाबजाम. गाव पानं झाकत होतं तेव्हा ही पाकिटं दहा पावलांवर गाडीत होती, आणि तिला त्यांची आठवणसुद्धा झाली नव्हती. तिला स्वतःची शरम वाटली, इतकी की कानशिलं तापली. दत्तूला म्हणाली, "तुम्ही सगळे खा, माझं राहू द्या." आणि उरलेली पाकिटं पिशवीत घालून ती गावाकडं चालायला लागली.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कुठं फोडणीचा वास नाही, भांड्याचा आवाज नाही. ओट्यावर वत्सलाबाई बसली होती, आणि शेजारी तिची नात, चिऊ, सकाळी जिची वेणी चालली होती ती. दोघींच्या मध्ये भुईमुगाच्या शेंगांची फोलपटं. चैतालीला बघून वत्सलाबाईनं फोलपटं पदराखाली ओढली.

"मावशी, आता तरी काही शिजवा. लेकरू आहे घरात."

"चूलबंद दिवस मावळेपत्तुर असतं, बाई. आधी कुणी पेटवत नाय."

आत शेगडी तशीच होती, हळदकुंकवाला बोट लागलेलं नव्हतं. चैतालीनं पाकीट पुढं केलं. म्हणाली, हे लग्नातलं नाही, आमच्या माणसांचं आहे, जास्तीचं. वत्सलाबाईनं हातसुद्धा पुढं केला नाही.

"आमचं जेवण झालं की. तूच व्हतीस वाढायला."

"पोरीला तरी द्या."

वत्सलाबाई नातीकडं वळली. "चिऊ, जेवलीस ना गं आबांच्या घरी?"

पोरीनं पाकिटाकडं पाहिलं. गुलाबजामाचा पाक झाकणाला लागून बाहेर आला होता. तिनं आवंढा गिळला, आजीकडं पाहिलं, आणि मुठीतल्या शेंगा फ्रॉकच्या मागं लपवल्या.

"जेवले," ती म्हणाली. "लय जेवले."

पाच वर्षांची पोर. चैताली तिथून परत फिरली. पुढच्या घरी विचारायची तिची हिंमतच झाली नाही. रस्ताभर ती मनात एकच म्हणत होती, मी एका म्हाताऱ्याला हसून बाजूला केलं आणि आख्खं गाव उपाशी ठेवलं.

पॅकहाउसच्या दाराशी आबा बाकावर बसले होते. मांडव उतरवायचं काम चाललं होतं. आशाबाई रिकामे हंडे घासत होत्या. आबांनी तिला हाक मारली, "ये बाई." त्यांच्याशी तिचं धड बोलणं झालं ते हे पहिलं.

"गाव जेवलं का?"

खरं सांगून टाकावं, पाय धरावेत, असं तिच्या मनात आलं. आशाबाईंचा हंड्यावरचा हात थांबला होता.

"जेवलं, आबा."

"समदं?"

"सगळं. पोटभर."

"आन तू?"

"मी पण."

आबांनी मान डोलावली. "आशा, आण मग माझं ताट." आशाबाईंनी चैतालीकडं पाहिलं. भाताचं शीतही उरलं नव्हतं. चैतालीनं पिशवीतलं एक पाकीट उघडलं, पितळीत पुलाव काढला, रोटी ठेवली आणि आबांपुढं मांडली. आबांनी पितळीभोवती पाणी फिरवलं, पहिला घास जीवनच्या नावानं बाजूला काढून ठेवला. दुसरा तोंडात घातला आणि बराच वेळ चघळत राहिले.

"ह्यो भात आपल्या हंड्यातला नाय," ते म्हणाले.

आबांनी मान वर केली नव्हती.

"थोडा पडला ना? आक्काबाई तिसऱ्या वाढपाबिगर उठत नाय कधी. मी पोरसवदा असल्यापास्नं बघतोय तिला. दारात उभा व्हतो मी, बाई. समदे हात दिसत व्हते मला."

"आबा, चूक माझी..."

"कुणी बोललं नाय. आता तू बी बोलू नको." त्यांनी तिसरा घास उचलला, पण हात इतका कापत होता की शितं धोतरावर सांडली. मग त्यांनी घास पितळीत परत ठेवला आणि मान वर करून तिच्याकडं पाहिलं. डोळे कोरडे होते. "जीवनच्या येळचं फेडाय बसलो व्हतो. अजून घेऊनच उठलो."

आशाबाई हंड्याच्या आड तोंड लपवून रडत होत्या. चैतालीनं धोतरावरची शितं एकेक वेचून घेतली आणि आबांच्या तांब्यात पाणी भरून ठेवलं.